लूत लागलेलं कुत्रं: आधी किडा ओळखा, मग औषध

कुत्र्याच्या अंगावरचे केस झडायला लागले की आपल्या सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: जळकं ऑइल लावा. गॅरेजमधून, यंत्रमागाच्या शेडमधून, कुठूनही ते फुकट मिळतं, आणि लावणाऱ्याच्या मनात दयाच असते. त्या दयेला नीट वाट मिळावी म्हणून हा लेख. अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये मी काही वर्षं कुत्र्यांना खायला घालते आणि त्यांचं औषधपाणी बघते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून, त्यांना प्रश्न विचारून आणि स्वतः चुका करून जे कळलं ते नव्यानं कुत्रं पाळणाऱ्यांसाठी आणि गल्लीतल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्यांसाठी सांगते आहे.

लूत हा एक रोग नाही

इथूनच बहुतेकांची गल्लत होते. ज्याला आपण सरसकट लूत म्हणतो, ती दोन अगदी वेगळ्या किड्यांमुळे होते. हे किडे पिसवांसारखे किंवा गोचिडांसारखे डोळ्यांना दिसत नाहीत. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळतात.

पहिला सारकॉप्टिस, म्हणजे खरजेचा किडा. गोल, कासवासारखा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यातच अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. हा किडा एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर पटकन जातो आणि खाज इतकी भयंकर असते की कुत्रं जेवण सोडून खाजवत बसतं.

दुसरा डेमोडेक्स. हा लांबट, गाजरासारखा, आणि त्याचे आखूड आठ पाय पुढच्या अर्ध्या भागातच असतात. तो केसाच्या मुळाशी राहतो. ऐकून नवल वाटेल, पण निरोगी कुत्र्याच्या अंगावरही हे किडे थोड्या संख्येनं असतातच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, आईकडून ते पिल्लाकडे येतात आणि अंगातली प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. उपासमार, जंत, एखादा मोठा आजार, किंवा रक्तातूनच आलेला कमकुवतपणा असला की ते बेसुमार वाढतात आणि केस झडतात. ही लूत माणसाला लागत नाही, आणि मोठ्या निरोगी कुत्र्यालाही सहसा लागत नाही.

म्हणजे एकात कुत्र्याला बाहेरून किडा लागला आहे, आणि दुसऱ्यात कुत्र्याची प्रतिकारशक्तीच ढासळली आहे. दोन्हींचं औषध पुष्कळदा एकच निघतं, हे खरं. पण किती दिवस द्यायचं, घरातल्या बाकीच्या कुत्र्यांना द्यायचं की नाही, अंथरुणाचं काय करायचं, आणि केस परत आले म्हणजे झालं का, या सगळ्याची उत्तरं वेगळी आहेत.

घरी काय बघायचं

दवाखान्यात जाण्याआधी दहा मिनिटं उजेडात बसून कुत्रं नीट बघा. केस कुठून जायला सुरुवात झाली, हे सगळ्यात महत्त्वाचं.

खरजेच्या किड्याला केस कमी असलेल्या जागा आवडतात. कानाच्या कडा, पुढच्या पायांची कोपरं, मागच्या पायांच्या टाचेकडची हाडं, छातीचा आणि पोटाचा खालचा भाग. तिथे लाल पुरळ येतं, मग पिवळट खपल्या धरतात आणि कातडी जाड, राखाडी होते. आमच्या गल्लीतल्या काळ्याच्या कानाची कड हाताला पोह्यांचा चुरा लावल्यासारखी खरखरीत लागायची.

याच कानावर करायची एक परीक्षा डॉक्टरांनी मला शिकवली. कानाची कड अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि घड्या चोळाव्यात तशी चार-पाच वेळा चोळायची. खरूज असेल तर बहुतेक कुत्र्यांचा त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. काळ्याचा पाय इतक्या जोरात हलला की त्याचा तोल गेला. ही परीक्षा शंभर टक्के खात्रीची नाही. पण पाय हलला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि नंतर हात साबणानं धुवा.

डेमोडेक्सची सुरुवात बहुधा तोंडावर आणि पुढच्या पायांवर होते. डोळ्यांभोवती केस जाऊन चष्मा लावल्यासारखं दिसतं, ओठांच्या कडेला चट्टे पडतात, पंजे सुजतात. सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. पिल्लू मजेत खेळत असतं आणि चट्टा मात्र वाढत असतो. पुढे त्यात जंतुसंसर्ग झाला की पू, कुबट वास आणि खाज, सगळं एकदम येतं.

केस झडण्याची आणखीही कारणं असतात. गोलगोल चट्टे आणि कडेला मोडलेले केस दिसले तर नायटा असू शकतो, आणि तो माणसालाही लागतो. कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाशीच केस जात असतील तर आधी पिसवा शोधा. उकिरड्यावर लोळणाऱ्या कुत्र्याला तर दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात.

आठवड्याला एकाच दिवशी, एकाच जागी उभं करून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही.

खरवड करून घ्याच

सुंदरी चार महिन्यांची असताना आमच्याकडे आली. डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस नव्हते. ज्या दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा नेलं तिथे तिला टेबलावर घेतलंसुद्धा नाही. लांबूनच बघून खाज बंद करणारं इंजेक्शन दिलं. चार दिवस तिला बरं वाटलं, आणि पंधरा दिवसांत चट्टे पोटापर्यंत पसरले. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. स्टेरॉइडमुळे खाज थांबते, पण प्रतिकारशक्तीही दबते, आणि डेमोडेक्सला नेमकं तेच हवं असतं. मी तेव्हा काही विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

तुम्ही विचारा. थेट म्हणा, "डॉक्टर, खरवड घेऊन बघता का?" किंवा "स्किन स्क्रेपिंग करायचं का?" काम पाच-दहा मिनिटांचं असतं. काचपट्टीवर तेलाचा थेंब घेतात, बोथट पातं कातडीवरून फिरवतात, निघालेला कोंडा काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. डेमोडेक्स खोल असतो, म्हणून कातडी आधी चिमटीत दाबतात आणि रक्ताचा बारीक ओलावा दिसेपर्यंत खरवडतात. बघताना जीव कळवळतो, पण जखम खरचटण्याएवढीच असते. खरजेसाठी वरवर, पण बऱ्याच जागांवरून खरवडतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खरवडीत डेमोडेक्स सहसा सापडतोच, पण खरजेचा किडा पुष्कळदा सापडत नाही, कारण अंगावर मोजकेच किडे असूनही खाज प्रचंड असू शकते. म्हणून रिपोर्ट साफ आला तरी लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर खरजेचं औषध सुरू करून बघतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

सुंदरीची खरवड दुसऱ्या डॉक्टरांनी घेतली आणि मला नळीतून बघायला बोलावलं. काचेवर ती लांबट गाजरं संथपणे पाय हलवत होती.

औषधं: काय, कसं आणि काय जपायचं

हल्ली दोन्ही प्रकारच्या लुतीवर डॉक्टर बहुधा चघळायची गोळी देतात. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर ही औषधांची नावं. नेक्सगार्ड, ब्रॅव्हेक्टो, सिम्पॅरिका या नावांनी ती मिळतात. पहिली आणि तिसरी महिन्याला एक, ब्रॅव्हेक्टोची गोळी साधारण बारा आठवडे चालते. गोळी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे वेगवेगळी येते. मोठ्या कुत्र्याची आणून दोन पिल्लांना अर्धी-अर्धी देऊ नका. औषध दोन्ही तुकड्यांत सारखं उतरेल याची खात्री नसते. आठ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोपेक्षा हलकं पिल्लू असेल, कुत्रीच्या पोटात पिल्लं असतील, किंवा कुत्र्याला कधी फिट आली असेल, तर हे आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, म्हणून अशा वेळी डॉक्टर दुसरा मार्ग निवडतात.

वजन अंदाजानं सांगू नका. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्यासाठी मी सुताच्या गोदामातला काटा वापरते. दुपारी गर्दी नसते तेव्हा विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आयव्हरमेक्टिनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. औषध थोर आहे. ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण दुकानात मिळणारं १ टक्क्याचं इंजेक्शन गाई-म्हशींसाठी असतं आणि त्यात १ मिली ५० किलो वजनाला पुरतं. मग १० किलोच्या कुत्र्यासाठी सिरिंजवरची एक-दोन बारीक रेघ इकडेतिकडे झाली तरी केवढा फरक पडतो बघा. शिवाय कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एक जनुकीय दोष आढळतो, ज्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं लडखडतं, आंधळ्यासारखं करतं, बेशुद्ध पडतं, दगावूही शकतं. मिश्र जातीच्या कुत्र्यात कुणाचं रक्त आहे हे वरून कळत नाही. म्हणून हे इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं. आणि डेमोडेक्स आठवड्याच्या एक-दोन सुयांनी जात नाही. "दोन इंजेक्शनं दिली, बरं झालं, परत आलं" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, आणि कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

अमिट्राझचं औषध पाण्यात कालवून अंगाला लावतात. जुनं आहे, गुणकारीही आहे, पण लहान पिल्लाला, मधुमेह असलेल्या कुत्र्याला आणि उघड्या जखमांवर चालत नाही. किती पाण्यात किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मोकळ्या हवेत हातमोजे घालून लावा. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे काम त्यांनी करू नये. गोठ्यात गोचिडांसाठी ठेवलेली बाटली कुत्र्यावर वापरू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुठलंच औषध कुत्र्याला लावू नका. मांजरासाठी ते जीवघेणं असतं.

पू झाला असेल तर अँटिबायोटिक लागतं आणि ते मध्येच सोडायचं नाही. सोबत औषधी शाम्पू देतात. शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. या दहा मिनिटांत कुत्रं पळतं, म्हणून कुणीतरी पुढे बसून त्याला भाकरीचे तुकडे भरवत राहावं.

आता जळक्या ऑइलबद्दल. लावल्यावर कातडी मऊ पडते, खपल्या सुटतात, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण बोगद्यातला किडा आणि केसाच्या मुळातला किडा तसाच राहतो. ऑइलमधले धातू आणि विषारी द्रव्यं कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातात, यकृत आणि मूत्रपिंडावर येतात. आणि एप्रिल-मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, तेलानं माखलेली उघडी कातडी अक्षरशः भाजते. रॉकेल, फिनाइल आणि ॲसिड यांच्याही वाटेला जाऊ नका. कडुनिंबाचा किंवा करंजाचा वापर इतका घातक नाही, थोडा आराम पडत असेलही, पण नुसत्या त्यावर लूत जात नाही, आणि तोवर महिना निघून जातो.

कुणी ऑइल लावलेलंच असेल तर आधी कोरडं पीठ अंगावर भुरभुरून जुन्या कापडानं पुसून घ्या, मग भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी वापरून दोन-तीनदा धुवा. शेजारच्या अक्कांनी सुंदरीला प्रेमानं ऑइल लावलं होतं. त्यांना रागावून काही झालं नसतं. मी त्यांना खरवडीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर आत बसलेत की गं! वरून लावून कसं जाणार?" पुढे सुंदरीला शाम्पू लावायला पाणी त्याच तापवून द्यायच्या.

अंथरूण, पाणी आणि ऊन

खरजेचा किडा कुत्र्याच्या अंगावरून खाली पडला तरी काही दिवस जगतो. थंड, दमट जागी जास्त दिवस. म्हणून अंथरूण बदलणं हा उपचाराचाच भाग आहे. आता आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा रोज धुणं कुणाला परवडणार? मी जुन्या सुती साड्यांचे तुकडे करून ठेवते. पाणी येईल त्या दिवशी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवते, आणि फार खराब झालेला तुकडा सरळ टाकून देते. जाड चादर कुत्र्याला घालू नका. ती लवकर वाळत नाही आणि आतून दमट राहते. कोरडं, रखरखीत ऊन या किड्याला सोसत नाही, त्यामुळे ऊन ही आपल्याकडची फुकटची सोय आहे. पट्टा, साखळी, कंगवा, सगळं उन्हात टाका.

कुत्र्याला मात्र उन्हात ठेवू नका. केस गेलेली कातडी लगेच भाजते. त्याला दिवसभर सावली हवी, आणि जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, रात्री गारठा पडतो तेव्हा अंगाखाली कोरडं गोणपाट हवं. तेही आठवड्यानं बदला.

डेमोडेक्समध्ये अंथरुणाची एवढी धावपळ नको. तिथे लक्ष पोटाकडे द्या: जंताचं औषध, उकडलेलं अंडं, पोटभर खाणं.

गल्लीतलं कुत्रं असेल तर

पकडता न येणाऱ्या कुत्र्यासाठी गोळी हा सगळ्यात सोपा उपाय आहे. डॉक्टरांना फोटो आणि व्हिडिओ दाखवून, वजनाचा अंदाज त्यांच्याकडूनच घेऊन गोळी घ्या. ती उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यात दाबा. आधी एक-दोन साधे तुकडे द्या, मग गोळीचा, मग लगेच आणखी एक साधा. कुत्रं पुढच्या तुकड्याच्या नादात गोळी गिळून टाकतं. त्यानंतर दहा मिनिटं तिथेच थांबा, ते थुंकत तर नाही ना, दुसऱ्यानं तर खाल्लं नाही ना, हे बघायला. काळ्याची पहिली गोळी एका दांडग्या कुत्रीनं पळवली होती.

खरूज असेल तर सोबत झोपणाऱ्या सगळ्या कुत्र्यांना एकाच आठवड्यात औषध द्या. एकाला सोडलं तर सगळी मेहनत परत पहिल्यापासून.

अनोळखी, दुखणाऱ्या कुत्र्याला हात लावताना चावा बसू शकतो. चावा किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. यात उद्यावर काही ढकलायचं नाही.

लुतीचं कुत्रं गावाबाहेर सोडून द्या, असं कुणीतरी म्हणतंच. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरण करून त्याच्या मूळ जागीच परत सोडायचं असतं. लोकांना कायद्यापेक्षा हे सांगितलेलं जास्त पटतं: औषधाखालचं कुत्रं काही आठवड्यांत कुणाला काही देत नाही, आणि हाकललेलं कुत्रं दुसऱ्या गल्लीत खरूज घेऊन जातं.

तुम्हाला खाज सुटली तर

काळ्याला उचलून नेल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटांपासून कोपरापर्यंत आणि पोटावर लाल पुरळ आलं. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाला चावतो, पण माणसाच्या कातडीत तो आपली पिढी वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. कपडे गरम पाण्यात धुवा. घरातल्या सगळ्यांनाच खाज येत असेल, रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती माणसांची खरूज असू शकते. त्वचारोग डॉक्टरांना दाखवा, आणि घरात कुत्रं आजारी आहे हेही सांगा.

कधी थांबायचं

खरजेत गोळीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत खाज कमी होऊ लागते, पण पूर्ण जायला महिनाही लागतो. मेलेल्या किड्यांमुळेही कातडी चिडलेली असते, म्हणून आठव्या दिवशी घाबरून दुसरं औषध चढवू नका.

डेमोडेक्समध्ये घाई सगळ्यात महागात पडते. पिल्लाला दोन-चारच छोटे चट्टे असतील तर बहुतेक वेळा ते औषधाशिवाय भरून येतात; डॉक्टर थांबायला सांगतील, तर थांबा. पण अंगभर पसरली असेल तर केस आले म्हणून औषध बंद करायचं नाही. महिन्याच्या अंतरानं दोनदा खरवड साफ यायला हवी, आणि त्यानंतरही एक महिना औषध चालू ठेवतात. अशा कुत्रीची नसबंदी करून घ्या. माजावर आल्यावर रोग उलटू शकतो आणि पिल्लांतही तो कमकुवतपणा उतरतो. चांगल्या मोठ्या, तीन-चार वर्षांच्या कुत्र्याला अचानक डेमोडेक्स झाला तर आत दुसरं काही दुखणं आहे का, हे रक्त तपासून बघायला हवं.

कुत्रं खायचं थांबलं, अंगात ताप आहे, पायांवर सूज आहे, कातडीतून रक्तमिश्रित पाणी येतंय, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुंदरीची दुसरी साफ खरवड पाचव्या महिन्यात आली. पोटावरचे केस आधी आले, मग पायांवरचे. डोळ्यांभोवतीची कातडी बराच काळ काळसर राहिली, आणि तिथे बोट फिरवलं की नव्या केसांची लव हाताला लागायची.